रणगाड्याचं सोंग

डिसेंबर १९४४. बेल्जियमच्या आर्देन जंगलात जर्मन सैन्याने आपल्या पाच पँथर रणगाड्यांवर अमेरिकी वेष चढवला. बुरुजाभोवती पत्रा ठोकून त्यांची ठेवण अमेरिकेच्या एम-१० या रणगाडाभेदी गाड्यांसारखी केली, हिरवा रंग फासला आणि वर पांढरे तारे काढले. ऑटो स्कोर्झेनीच्या १५०व्या पँझर ब्रिगेडचे हे रणगाडे मालमेडी गावावर चालून गेले. एकवीस वर्षांनी, १९६५ मध्ये, याच लढाईवर ‘बॅटल ऑफ द बल्ज’ हा चित्रपट आला. त्याचं चित्रीकरण स्पेनमध्ये झालं आणि तिथे नेमकं उलट घडलं. स्पॅनिश सैन्याकडचे अमेरिकी बनावटीचे एम-४७ रणगाडे करड्या रंगात, अंगावर काळे क्रूस घेऊन जर्मनांचे ‘किंग टायगर’ झाले. अमेरिकेच्या शर्मन रणगाड्यांच्या जागी त्याहून हलके एम-२४ शॅफी उभे राहिले.

एकाच लढाईची ही दोन सोंगं. दोन्हींत पोलाद एकाचं आणि ओळख दुसऱ्याची. पहिल्या सोंगाला फसवणूक म्हणायला कोणी कचरणार नाही. शत्रूच्या गणवेषाचा गैरवापर १९०७ च्या हेग नियमांनी निषिद्ध ठरवला होता आणि अमेरिकी गणवेषात पकडल्या गेलेल्या स्कोर्झेनीच्या काही माणसांना हेर ठरवून गोळ्या घातल्या गेल्या. (खुद्द स्कोर्झेनी १९४७ च्या डाखाउ खटल्यात निर्दोष सुटला.) दुसऱ्या सोंगाचं काय? ज्या लढाईत हजारो माणसं खरोखर मेली, तिची गोष्ट खोट्या रणगाड्यांनी सांगितली तर ते असत्य होतं का? की खऱ्याखोट्याच्या नेहमीच्या मापात ते बसतच नाही? हा प्रश्न चित्रपटवेड्यांच्या गप्पांपुरता नाही. भारतीय धर्मविचाराने आणि नाट्यविचाराने त्याच्याशी हजारो वर्षं झटापट केली आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या माणसाला तर हा प्रश्न दारातला आहे. उल्हासनगरची वस्तीच मुळी दुसऱ्या महायुद्धाच्या लष्करी छावणीवर उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याण कॅम्पच्या बराकींत आसरा मिळाला, १९४९ मध्ये नगराचं नामकरण झालं, पण आजही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना माणूस ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असंच म्हणतो. पुढे अंबरनाथला दारूगोळ्याच्या सुट्या भागांसाठी धातुकाम करणारी आयुध निर्माणी आहे आणि तिच्या सोबतीला १९५३ साली सुरू झालेली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, म्हणजे गावाच्या तोंडची ‘एमपीएफ’. आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाल्यावर १ ऑक्टोबर २०२१ पासून ही फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगम या कंपनीत गेली. विजयंता आणि टी-७२ अजेय हे रणगाडे चेन्नईजवळच्या आवडी इथल्या ज्या कारखान्यात बांधले गेले, तोही याच कंपनीत आहे. बदलापूरच्या पुढे त्याच लोकल मार्गावर कर्जत लागतं. कला दिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ कर्जतजवळच. ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला इथेच पुन्हा उभा राहिला होता. खऱ्या चिलखती गाड्यांशी नातं सांगणारा कारखाना आणि लाकडा-प्लास्टरचे किल्ले बांधणारा स्टुडिओ यांच्यामध्ये तासाभराचा लोकलचा प्रवास आहे.

अशा गावात युद्धपट पाहणारा प्रेक्षक जरा वेगळा असतो. ज्याचं आयुष्य लेथवर आणि मोजमापात गेलं, त्याची नजर नायकाच्या चेहऱ्याआधी चाकांवर जाते. आणि सोंग उघडं पडतं ते चाकांपाशीच.

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) मधले टायगर रणगाडे घ्या. वरची सपाट पोलादी पेटी, चौकोनी धड, लांब तोफ, सगळं जर्मन. पण खाली सोव्हिएत टी-३४ ची पाच मोठी चाकं अंतराअंतराने बसलेली दिसतात. खऱ्या टायगरची चाकं एकमेकांच्या मध्ये घुसवून, कौलांसारखी एकावर एक चढवलेली असत. सुमारे ५७ टनांचा भार मऊ मातीत रुतू नये म्हणून ती युक्ती होती. तिची किंमतही मोठी होती, कारण आतलं एक चाक बदलायला बाहेरची कितीतरी चाकं काढावी लागत आणि थंडीत चाकांमध्ये साचलेला चिखल गोठून बसे. पत्रा आणि वेल्डिंगने टी-३४ ला टायगरचं धड देता येतं. चाकांची ती गुंफण देता येत नाही. म्हणून युगोस्लाव्ह सैन्याच्या टी-३४ वर ‘बॅटल ऑफ नेरेत्वा’ (१९६९) आणि ‘केलीज हीरोज’ (१९७०) साठी चढवलेलं टायगरचं रूपही खालून परकंच राहिलं. ‘अ ब्रिज टू फार’ (१९७७) मध्ये तर युद्धानंतर वीस वर्षांनी सेवेत आलेला पश्चिम जर्मनीचा लेपर्ड-१ पँथर बनून आला.

यामागे हलगर्जीपणा शोधायची गरज नाही. सुमारे साडेतेराशे टायगर बनले होते. त्यातले बहुतेक रणांगणावर संपले आणि उरलेले भंगारात वितळले. जगभरच्या संग्रहालयांत आज मोजकेच उरले आहेत. स्पेन किंवा युगोस्लाव्हिया यांसारख्या देशांचं सैन्य मात्र आपले चालते रणगाडे आणि ते चालवणारे सैनिक भाड्याने द्यायला तयार होतं. युद्धपटांतली बरीचशी सोंगं या व्यवहारातून जन्मली. ‘पॅटन’ (१९७०) हा त्याचा टोकाचा नमुना. जनरल पॅटन यांचं नाव मिळालेल्या मालिकेतले एम-४७ आणि एम-४८ रणगाडे त्या चित्रपटात पॅटनच्या शत्रूचे, म्हणजे जर्मनांचेही झाले. भारतीय प्रेक्षकाच्या मनात त्यात आणखी एक पदर असणार. १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तरच्या उसाच्या शेतांत हवालदार अब्दुल हमीद यांनी जे रणगाडे फोडले आणि १० तारखेला ज्यांच्याशी लढताना ते कामी आले, ते पाकिस्तानचे पॅटनच होते. एकच पोलाद, पाहणाऱ्यागणिक वेगळ्या ओळखीचं.

सोंग असत्य ठरतं का, या प्रश्नासाठी आता भरताचं नाट्यशास्त्र पाहू. त्यात आहार्य अभिनयाच्या, म्हणजे वेषभूषा आणि रंगसाहित्याच्या, प्रकरणात ‘पुस्त’ नावाचा विषय येतो. डोंगर, रथ, विमान, ढाल, चिलखत, ध्वज, हत्ती अशा वस्तू रंगभूमीवर खऱ्या आणायच्या नसतात, त्या घडवायच्या असतात. काही चटई, कापड, कातडं जोडून, काही यंत्राने हलवून, काही गुंडाळून. भरत तर पुढे जाऊन सांगतो की लोखंडासारख्या जड पदार्थांच्या वस्तू नटाला थकवतात, म्हणून हलक्या साहित्याने काम चालवावं. शस्त्राने खरोखर छेदायचं नाही, रक्त सांडायचं नाही, आविर्भावाने ते दाखवायचं. भरताच्या दृष्टीने खोटा रथ ही नाइलाजाची तडजोड नव्हती. खरा रथ आणणंच नाट्याच्या धर्माला सोडून होतं. त्याने लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन मार्ग सांगितले आणि दोन्हींना मान दिला.

प्रेक्षकाच्या मनात नेमकं काय घडतं, हा प्रश्न पुढे काश्मीरच्या आचार्यांनी हाती घेतला. शंकुकाचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त त्याचं मत नोंदवून ठेवलं आहे. नटाला पाहून ‘हा राम आहे’ असं जे वाटतं, ते कोणत्या जातीचं ज्ञान आहे? ते खरं ज्ञान नव्हे, कारण तो राम नाही. ते भ्रमही नव्हे, कारण दोरीवरचा साप प्रकाश पडताच नाहीसा होतो तसं इथे काही पुसलं जात नाही. ‘हा राम असेल की नसेल’ असा संशय तिथे नसतो आणि ‘हा रामासारखा आहे’ अशी तुलनाही मन करत बसत नाही. या चारही प्रकारांहून ते निराळं आहे. शंकुकाने उदाहरण दिलं चित्रातल्या घोड्याचं. भिंतीवरचा घोडा पाहून मूल ‘घोडा’ म्हणतं. ते फसलेलं नसतं आणि खोटंही बोलत नसतं. चित्रतुरगन्याय म्हणून हे मत प्रसिद्ध झालं.

पण याच मतावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्ट तौत यांनी कडक टीका केली. अनुकरण कशाचं केलं हे ठरवायला मूळ पाहिलेलं असावं लागतं. रामाला कोणत्या प्रेक्षकाने पाहिलं आहे? युद्धपटांच्या बाबतीत हा आक्षेप उलट्या बाजूने लागू होतो. इथे मूळ पाहिलेली माणसं सभागृहात बसलेली असतात. आर्देनमध्ये लढलेला सैनिक ‘बॅटल ऑफ द बल्ज’ पाहायला येतो. त्या लढाईच्या वेळी मित्रराष्ट्रांचे सरसेनापती असलेले आयझेनहॉवर तेव्हा निवृत्त होते, तरी या चित्रपटातल्या ऐतिहासिक चुकांचा निषेध करायला त्यांनी पत्रकार परिषद घेतली. ज्याने खरा घोडा पोसला आहे त्याला चित्रातला घोडा पाच पायांचा दिसला, तर त्याच्यापुरता शंकुकाचा न्याय मोडतो. त्याची तक्रार क्षुल्लक ठरवून चालणार नाही. त्याने तिथे मित्र गमावले आहेत.

तरीही चाकं चुकली म्हणजे असत्य झालं, असं म्हणता येत नाही. आपल्या परंपरेत सत्याची कसोटी वस्तूपाशी थांबत नाही, बोलणाऱ्याच्या हेतूपर्यंत जाते. महाभारतात द्रोणांना थांबवायला भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि युधिष्ठिराने ‘अश्वत्थामा’ गेल्याचं सांगितलं, हत्तीचा उल्लेख हळूच, ऐकू न येईल असा केला. वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. हत्ती खरोखर मेला होता. तरी जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी खाली टेकला. म्हणजे खऱ्या वस्तूनेही असत्य बोलता येतं. मग खोट्या वस्तूने सत्य का बोलता येऊ नये?

दसऱ्याला आपण हेच करतो. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा पडतात आणि दुसऱ्या दिवशी घरोघर आपट्याची पानं सोनं म्हणून हातावर ठेवली जातात. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ते पान असल्याचं पक्कं ठाऊक असतं. फसवणूक होण्यासाठी कोणीतरी अंधारात असावं लागतं, आणि इथे कोणीच अंधारात नाही. १९४४ चा पत्रा ठोकलेला पँथर आणि १९६५ चा क्रूस रंगवलेला एम-४७ यांच्यातला फरक हाच आहे. पहिल्याचं यश समोरच्याच्या अज्ञानावर अवलंबून होतं आणि त्या अज्ञानाची किंमत जीव होती. दुसऱ्याला प्रेक्षकाच्या अज्ञानाची गरजच नाही. चाकं ओळखणारा माणूसही त्या चित्रपटात हळहळू शकतो.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात सत्य या यमाचा विचार याहून बारकाईने केला आहे. आपल्याला जे कळलं ते दुसऱ्याच्या मनात पोचवण्यासाठी वाणी असते. ती वंचना करणारी नसावी, भ्रांत नसावी आणि ऐकणाऱ्याला काहीच बोध न करणारी वांझही नसावी. एवढं पाळूनही ती प्राण्यांच्या घातासाठी वापरली गेली, तर भाष्यकार तिला सत्य म्हणायला तयार नाहीत. वंचनेचं उदाहरण देताना टीकाकार वाचस्पती मिश्रांना युधिष्ठिरच आठवला.

युद्धपटाला ही कसोटी लावली की रणगाड्याचं सोंग फार खालच्या पायरीवरचा दोष ठरतो. चाक चुकणं ही भ्रांती झाली, आणि तीही बहुतेकांच्या बोधाला धक्का न लावणारी. खरा प्रश्न माणसांपाशी येतो.

जे. पी. दत्ता यांचा ‘बॉर्डर’ (१९९७) महाराष्ट्रात घराघरांत पाहिला गेला. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ ला राजस्थानातल्या लोंगेवाला ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या २३ पंजाबच्या कंपनीने पाकिस्तानी रणगाड्यांना रात्रभर रोखलं आणि उजाडल्यावर वायुदलाच्या हंटर विमानांनी त्यांचा फडशा पाडला. चित्रपटाचा कणा खरा आहे. पण त्यात सीमा सुरक्षा दलाचा जवान भैरोसिंग रणगाड्याशी झुंजताना वीरमरण पत्करतो. प्रत्यक्षातले भैरोसिंग राठोड त्या रात्री लढले, सेना पदकाचे मानकरी ठरले, निवृत्त झाले आणि १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूरमध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी वारले. पडद्यावरच्या मरणानंतर ते पंचवीस वर्षं जगले. ठाण्यावरच्या मोजक्या सैनिकांपैकी प्रत्यक्षात दोन जणांना वीरमरण आलं. पडद्यावर कितीतरी जास्त माणसं पडतात.

इथे बदलला गेला तो रणगाडा नव्हे, एका जिवंत माणसाचं प्राक्तन. तेही त्याच्या खऱ्या नावानिशी. दिग्दर्शकाचा हेतू गौरवाचा होता यात शंका नाही आणि करुणेवाचून वीररस उभा राहत नाही हे नाट्याचं जुनं गणितही समजण्यासारखं आहे. पण पाच पायांचा घोडा आणि जिवंत माणसाला दिलेलं मरण या एका तागडीत तोलायच्या गोष्टी नव्हेत. एम-४७ ला किंग टायगर केल्याने कुणाचंही देणं बुडत नाही. लढलेल्याने काय केलं, तो जगला की गेला, त्याच्या बाजूला कोण पडलं, हे मात्र देणं आहे. आपल्याकडे पितृऋण, ऋषिऋण मानतात. युद्धात गेलेल्यांचं ऋण त्याच जातीचं आहे. ते फेडायला आकृती लागत नाही, साक्ष लागते.

खरी वस्तू आणली म्हणजे साक्ष आपोआप खरी होते, असंही नाही. ‘फ्युरी’ (२०१४) मध्ये इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टन संग्रहालयातला खराखुरा ‘टायगर १३१’ चालवला गेला. हा रणगाडा एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागला होता. १९५० च्या ‘दे वेअर नॉट डिव्हायडेड’ नंतर प्रथमच खरा टायगर कथापटात आला. चाकांची ती गुंफण अखेर पडद्यावर दिसली. पण ज्या अमेरिकी रणगाड्याची आणि त्यातल्या पाच जणांची ही गोष्ट आहे, ते सारे कल्पित. खरं पोलाद आणि रचलेली माणसं, असा हा मेळ आहे. चित्रपट म्हणून त्यात गैर काही नाही, मात्र अस्सल टायगर त्याला इतिहास बनवू शकत नाही.

अहिल्यानगरात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे आणि १९९४ पासून तिथे रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. याच केंद्रात ‘फामागुस्ता’ हा सेंच्युरियन रणगाडा जपलेला आहे. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यात होते. आग लागल्यावर बाहेर पडण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही, तोफ चालते आहे तोवर लढत राहिले आणि गेले. वय २१. मरणोत्तर परमवीर चक्र. त्याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ मध्ये धारातीर्थी पडले होते.

खेत्रपालांची गोष्ट तिथे संपत नाही. २००१ मध्ये त्यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, लाहोरला गेले आणि ख्वाजा मोहम्मद नासेर या पाकिस्तानी अधिकाऱ्याच्या घरी उतरले. पाहुणचार करताना यजमान अस्वस्थ होता. अखेर त्याने सांगितलं की त्या दिवशी अरुणवर शेवटचा गोळा आपण डागला होता. सांगण्याची त्याच्यावर कसलीही सक्ती नव्हती. गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं. व्यासभाष्याच्या चारही अटी या बोलण्यात पुऱ्या होतात. त्यात वंचना नव्हती, भ्रांती नव्हती, ऐकणाऱ्याला त्यातून आपल्या मुलाचा शेवट कळला आणि कुणाचा घात झाला नाही. ‘बदलापूर’चे (२०१५) दिग्दर्शक श्रीराम राघवन यांना ‘इक्कीस’ हा चित्रपट करावासा वाटला तो याच जीवनकथेवर. या प्रसंगाला रणगाडा लागतच नाही. दोन माणसं आणि एक खोली पुरते.

युद्धपटाने शत्रूला नुसता नेमबाजीचा पुतळा केला, तर त्याचे रणगाडे चाकाच्या पिनेपर्यंत अचूक असले तरी तो चौथ्या अटीत नापास होतो, कारण तो घाताची हौस वाढवतो. नासेर यांच्यासारखा माणूस अशा चित्रपटात मावत नाही. आणि तो मावत नसेल, तर त्या युद्धाचा सर्वांत खरा भाग बाहेरच राहिला.

मूर्तिपूजेवर वाद घालणाऱ्यांनी पूर्वी मूळ आणि आकृती यांचा हाच पेच वेगळ्या शब्दांत मांडला होता: दगड देव कसा? अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२, म्हणजे १०६० सालचा, शिलाहार मम्मुणीच्या काळातला. अभिनवगुप्ताच्या लेखनानंतर दोन-तीन पिढ्यांतलंच हे बांधकाम. भूमिज शैलीच्या शिखरावर खालून वर लहान लहान शिखरांच्या ओळी चढत जातात. प्रत्येक शिखर मोठ्याचीच छोटी आकृती. तिथे कुठलं शिखर अस्सल आणि कुठलं नक्कल, हे विचारणं निरर्थक ठरतं. आकृतीला आकृती म्हणून पूजणारा भाविक फसलेला नसतो. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेल्यावर तो जे मागतो, ते दगडाकडे मागत नाही. जपायचं काय, हे मात्र त्याला ठाऊक असतं. मूर्ती भंगली तर दुसरी बसवता येते. मंत्रातली भावना खोटी झाली तर नव्या मूर्तीने ती भरून निघत नाही.

म्हणून युद्धपट करणाऱ्यांकडे मागायचं ते इतकंच. संस्कृत नाटकात आणि आपल्या संगीत नाटकातही सूत्रधार आधी रंगमंचावर येतो आणि आता नाटक सुरू होत असल्याचं सांगतो. आजच्या चित्रपटांत त्याची जागा ‘पात्रे व घटना काल्पनिक’ या कायदेशीर पाटीने घेतली आहे. ती पाटी निर्मात्याला वाचवते, प्रेक्षकाला काही देत नाही. त्याऐवजी शेवटच्या श्रेयनामावलीत चार सरळ ओळी याव्यात: कोणत्या रणगाड्याने कोणाचं काम केलं, कोणतं पात्र रचलेलं आहे, प्रत्यक्षात कोण गेलं आणि कोण परतलं. १९९७ मध्ये ‘बॉर्डर’च्या शेवटी अशी पाटी आली असती, तर डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या लाखो माणसांना कळलं असतं की भैरोसिंग राठोड राजस्थानात आहेत, हिंडतेफिरते आहेत, आणि त्यांना पत्र लिहिता येईल.